छायाचित्रातली एकही मुलगी बसलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरवर अर्धं पान दिलं होतं. २९७ एकर जागा, ४९२ कोटींचा प्रकल्प, हजारो रोजगार. मजकुराच्या डोक्यावर कुठल्याशा कारखान्यातल्या असेंब्ली लाईनचा मोठा रंगीत फोटो होता. निळे कोट, केसांवर जाळीच्या टोप्या, मनगटाला ईएसडी बँड (अंगातली स्थिर वीज बोर्डाला लागू नये म्हणून बांधायचा पट्टा) आणि कन्व्हेयरच्या दोन्ही अंगांना ओळीने मुली. मी चष्मा लावून मोजल्या, एकवीस भरल्या. एकही बसलेली नाही. फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधलं, टेकायला स्टूलही नाही.

फोटो निवडणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसणार. मला दिसलं, कारण तशाच ओळीत मी बत्तीस वर्षं काढली आहेत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण माझ्या भाचीबद्दलचं तेवढं ठेवा.

मी १९८७ साली दहावी होऊन जुन्नर तालुक्यातून भोसरीला आले आणि त्याच वर्षी एमआयडीसीतल्या एका कंपनीत सोल्डरिंगला, म्हणजे वितळलेल्या धातूने सर्किट बोर्डवर भाग जोडायच्या कामाला, लागले. मुलाखत म्हणजे साहेबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितले आणि बोटं पाहिली. बायकांची बोटं बारीक कामाला बरी, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, आणि आम्हालाही त्याचा अभिमान वाटायचा. डाव्या हातात सोल्डरची वायर, उजव्या हातात आयर्न. कंपोनंटच्या पायाला आयर्न टेकवायचं, वायर लावायची, धुराची बारीक रेघ नाकाशी येते आणि चांदीसारखा थेंब बसतो. थेंब मंद, खरखरीत दिसला तर तो ड्राय जॉइंट, बोर्ड परत. महिन्याभरात माझे जॉइंट आरशासारखे यायला लागले. पॉवर सप्लायचे बोर्ड, पुढे विजेच्या मीटरचे. पुण्यातल्या कितीतरी घरांच्या जिन्याखाली माझ्या हातचा थेंब अजून चालू असेल. हे काम मला आवडायचं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाई कंटाळून लिहिते आहे.

तेव्हा आम्ही बसायचो. पाठ नसलेली लाकडी स्टुलं होती. दोन वर्षांत निम्म्या जणींच्या कमरा गेल्या. १९९४ मध्ये आम्ही पाठ असलेली स्टुलं मागितली. आमच्या युनियनच्या सेक्रेटरींनी कारखाना कायद्याचं मराठी पुस्तक आणून जेवणाच्या सुट्टीत कलम ४४ वाचून दाखवलं. उभं राहून काम करावं लागणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी बसण्याची योग्य सोय ठेवायची, म्हणजे कामात जरा उसंत मिळाली की त्याला टेकता येईल. आणि एखादं काम बसून नीट होण्यासारखं आहे असं मुख्य कारखाना निरीक्षकांना वाटलं, तर ते मालकाला लेखी हुकूम देऊन, तारीख घालून, बसायची व्यवस्था करायला लावू शकतात. १९४८ सालचा कायदा. माझ्या जन्माच्या वीस वर्षं आधी कोणीतरी दिल्लीत बसून आमच्या पायांचा विचार केला होता, हे त्या दिवशी कळलं आणि मला रडू आलं होतं. स्टुलं चार महिन्यांनी आली.

२००४ मध्ये ती गेली. बाहेरून एक सल्लागार आले, त्यांनी आठवडाभर घड्याळ लावून आम्हाला पाहिलं. सोमवारी सकाळी फर्स्ट शिफ्टला आलो तर स्टुलं नाहीत, टेबलं वीत-दीड वीत वर उचललेली. बसलं की हात आखडतो आणि आळस येतो, उभं राहिलं की माणूस दोन जागा सांभाळतो, असं आम्हाला सांगितलं. तोवर युनियनमधली निम्मी माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेली होती. अकरा दिवस आम्ही अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा चौघींत एक स्टूल परत मिळालं. गरोदर बाईला पहिला मान, मग जिची पाळी असेल तिला, असं आम्हीच आपसांत ठरवलं होतं. माझ्या पोटऱ्यांवर आज ज्या निळ्या शिरा फुगल्या आहेत, त्या त्या पंधरा वर्षांच्या.

आता भाचीचं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तेवीस वर्षांची, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेलं. नगर रोडच्या पुढे, रांजणगावच्या बाजूला एका मोठ्या कारखान्यात कामाला आहे. कारेगावात सहा मुलींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहते आणि एक रविवार सोडून भोसरीला माझ्याकडे येते. आली की आधी जेवत नाही. सतरंजीवर आडवी होते, दोन्ही पाय भिंतीला उभे लावते आणि तशीच अर्धा तास पडून राहते. पहिल्यांदा मी म्हटलं, अगं खुर्चीत बस की. तर म्हणाली, "मावशी, बसायचं विसरलेच बघ. तिथे बसायचं नसतंच."

तिचं काम असं. मशीनचं धड समोर येतं, त्यात कंट्रोल बोर्ड बसवायचा आणि अंगठ्याने दाबून चार कनेक्टर लावायचे. सव्वीस सेकंद मिळतात. आठ तासांची शिफ्ट आणि दोन तास ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, धरली, त्यातून जेवणाची तीस मिनिटं आणि चहाच्या दोन सुट्ट्यांची दहा-दहा मिनिटं वजा केली, तर दिवसाला साडेबाराशेच्या वर मशीन होतात. म्हणजे पाच हजार वेळा अंगठा दाबायचा. हा हिशेब मी तिच्यासमोर कागदावर केला, तोवर तिने तो केलाच नव्हता. गेल्या दिवाळीला ती भाकरी थापायला बसली आणि दुसऱ्या भाकरीला उठली. अंगठ्याच्या मुळाशी जोरच लागत नाही.

लघवीला जायचं तर रिलीव्हर लागतो, म्हणजे आपल्या जागी उभी राहणारी मुलगी. बावीस जणींमागे रिलीव्हर एक. लाईन लीडरला हात वर करून सांगायचं, मग तो वहीत वेळ लिहितो. म्हणून या मुली शिफ्टला निघाल्या की पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यात तिला मूत्रमार्गाचा संसर्ग दोनदा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्या. ती मान हलवून आली.

जेवणाच्या तीस मिनिटांचंही तसंच. लाईनवरून गेटपर्यंत, तिथे अंगझडती, मग कँटीनची रांग. ताट हातात पडेपर्यंत तेरा-चौदा मिनिटं गेलेली असतात. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यात दुपारी अर्धा तास विश्रांती ही एक होती. रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. अर्ध्या तासाची मागणी तेव्हा भोंग्याखाली सूत काढणाऱ्यांसाठी होती. आज रोबोच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीला तो पुरता मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बसण्याच्या हक्कासाठी याच देशात बायका लढल्या आहेत आणि जिंकल्या आहेत. केरळात साड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांतल्या विक्रेत्या बाया दिवसभर उभ्या असायच्या. त्या रस्त्यावर आल्या, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केली. कारखान्यांसाठी तर १९४८ पासून कलम होतंच, आणि आता ज्या नव्या कामगार संहिता आल्या, त्यातही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. कागद आहे. स्टूल तेवढं नाही.

स्टुलाबद्दल एवढं बोलते, कारण ते डोळ्यांना दिसतं, फोटोतही दिसतं. न दिसणारंही एक सांगायला हवं.

आम्ही जी वायर वापरायचो तिला साठ-चाळीस म्हणत, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. धुराची भीती सगळ्यांना वाटते, आणि तो वाईटच. पण त्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. धूर असतो फ्लक्सचा, म्हणजे राळेचा. त्याने दमा जडतो, माझ्या शेजारच्या बाकावरच्या बाईला जडला. शिसं जातं ते बोटांवरून, डब्यातल्या पोळीबरोबर. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. बेसिनवर साबण कधी असे, कधी नसे. आम्ही पदराला हात पुसून जेवायला बसायचो, आणि तोच पदर घरी जाऊन लेकरांचं तोंड पुसायचा.

मग १ जुलै २००६ पासून युरोपात शिसं असलेल्या सोल्डरचे बोर्ड घेणं बंद झालं. आमच्याकडून थोडा माल निर्यात व्हायचा. एका सकाळी त्या लाईनवर नवी वायर आली, नवे आयर्न आले, डोक्यावर धूर ओढणारे पाईप आले. दहा फुटांवरच्या आमच्या लाईनवर जुनी साठ-चाळीस तशीच चालू. आमचा माल देशात जायचा. मी साहेबांना विचारलं, ही वायर वाईट असेल तर आम्हाला का? ते म्हणाले, तिकडच्या ग्राहकाची अट आहे. वाईट वृत्तीचे नव्हते ते, खरं तेच बोलले. बोर्ड कुठे जाणार त्यावर वायर ठरत होती. तो हातात धरणारीचा विचार कुठल्याच लाईनवर झाला नव्हता. निर्यातीच्या लाईनवरच्या बायका वाचल्या, त्या कुठल्यातरी परक्या घरातल्या मुलांच्या आणि तिकडच्या कचऱ्याच्या काळजीमुळे.

बोर्ड पुसायला एक द्रव असायचा. पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीत, वर नाव काही नाही. आम्ही त्याला 'क्लीनर' म्हणायचो. थंड लागायचा, पटकन उडायचा, दुपारी डोकं जड व्हायचं. काय आहे ते मला आजही माहीत नाही. माझा मुलगा मोबाइलवर वाचून दाखवतो, त्यात चीनमधल्या सूझोउची हकिगत ऐकली. तिथल्या विनटेक नावाच्या कंपनीत ॲपलच्या फोनचे पडदे पुसायचं काम होतं. अल्कोहोलपेक्षा लवकर वाळतं म्हणून हेक्सेन नावाचं रसायन वापरायला लागले. २००९-१० मध्ये तिथल्या कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, पुढे चालवेना. १३७ जणांच्या नसांना इजा झाली होती, हे ॲपलने स्वतःच्या अहवालात २०११ मध्ये मान्य केलं. पुसण्यातले थोडेसे सेकंद वाचवायचे होते. सव्वीस सेकंदांच्या हिशेबात ते किती मोठे असतात, हे लाईनवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दक्षिण कोरियाची गोष्ट तर मी मुलाला दोनदा वाचायला लावली. सॅमसंगच्या चिपच्या कारखान्यात काम केलेली एक तरुण मुलगी २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिचे वडील टॅक्सी चालवायचे. माझ्या मुलीने कशात हात बुडवले होते ते सांगा, एवढंच ते विचारत राहिले. रसायनांची माहिती व्यवसायाचं गुपित म्हणून दाबली जायची. कंपनीने रीतसर जाहीर माफी मागितली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, अकरा वर्षांनी. एवढ्या एका प्रश्नापायी त्या माणसाची अकरा वर्षं गेली. भाचीच्या लाईनवरच्या बाटल्यांना चिठ्ठी आहे, ती इंग्रजीत आहे. तिने मला फोटो काढून पाठवला असता, पण मोबाइल गेटवरच जमा होतो.

आता ही मुलगी कोणाची कामगार आहे ते पाहा. कारखान्याच्या कपड्यावर मोठ्या कंपनीचं नाव आहे. पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं. आयटीआय झालेली असून स्लिपवर हुद्दा 'हेल्पर', वर्ग अकुशल. जुलै महिन्यात तिने ४६ तास ओटी केली. कायद्याने ओटी दुप्पट दराने द्यायची असते. तिच्या स्लिपवर 'ओटी' हा रकानाच नाही, 'प्रोत्साहन भत्ता' आहे. भागाकार केला तर दर एकेरी निघतो.

आणि सातव्या महिन्यात ब्रेक. वीस-पंचवीस दिवस घरी बसवतात, मग दुसऱ्या ठेकेदाराचं कार्ड देऊन त्याच लाईनवर, त्याच जागी परत घेतात. माझ्या पिढीला याचं कारण पाठ आहे. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जायची, आणि महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नियमांप्रमाणे, तात्पुरता कामगार कायम करावा लागायचा. म्हणून २४० भरू द्यायचेच नाहीत. तिचे तीन वर्षांत तीन ठेकेदार झाले. माझ्या मुलाने तिच्याआधी चाकणला दोन वर्षं 'नीम' योजनेत काढली. नाव शिकाऊ, काम पूर्ण लाईनचं, मिळायचं ते विद्यावेतन. त्यामुळे पीएफ नाही. शेवटी एक प्रमाणपत्र हातात आलं, ते फ्रेम करून लावलं आहे.

ठेकेदारी किती थराला जाते ते १२ डिसेंबर २०२० ला कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या नरसापुरात दिसलं. विस्ट्रॉनच्या आयफोनच्या कारखान्यात कामगारांनी तोडफोड केली. तोडफोड वाईटच, मी तिची बाजू घेत नाही. पण आपल्याकडे बातमी आली ती फुटलेल्या काचांची. पुढे तपासात निघालं की पगार वेळेवर नव्हते, हजेरीच्या नोंदी चुकल्या होत्या, ओटीचे पैसे थकले होते, आणि बहुतेक माणसं वेगवेगळ्या ठेकेदारांची होती. कंपनीने माफी मागितली, ॲपलने नवं काम देणं थांबवलं. त्याच्या पुढच्या डिसेंबरात तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरच्या, आयफोन बनवणाऱ्या फॉक्सकॉनमधल्या मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. दीडशेहून जास्त जणींना रुग्णालयात न्यावं लागलं. मैत्रिणी कुठे नेल्या, जिवंत आहेत का, हे कोणी सांगेना, तेव्हा हजारो मुली रात्री महामार्गावर बसल्या. खोल्यांत जमिनीवर झोपायच्या त्या, एका खोलीत कधी तीस जणी. ती बातमी वाचली त्या रात्री मी बहिणीला फोन करून मुलीच्या खोलीत संडास किती आहेत ते विचारलं होतं. सहा जणींना एक. पण मालकीणबाई चांगल्या आहेत.

त्याच फॉक्सकॉनच्या कारखान्यात लग्न झालेल्या बायकांना नोकरी नाकारतात, अशी बातमी जून २०२४ मध्ये आली. कंपनीने ते नाकारलं, केंद्राने राज्याकडून अहवाल मागवला. खरं-खोटं तिथलं तिथे. आमच्या भाचीला मात्र ठेकेदाराच्या ऑफिसात विचारलं होतं: लग्न ठरलंय का, ठरलं तर कधी, नंतर काम करणार का. शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं नाही. तिचं ठरत आलं आहे. मुलाकडच्यांना आम्ही सांगितलं आहे, कार्डाचं होईपर्यंत थांबा.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला मान्यता दिली, आणि तिमाहीतल्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे ४८ तास तेच राहतील आणि जादा काम कामगाराच्या लेखी संमतीनेच होईल, असं सांगितलं आहे. ज्यांनी हे लिहिलं त्यांचा हेतू मी चांगलाच धरते. पण लेखी संमती कशी घेतात ते मला माहीत आहे. कार्ड मिळायच्या दिवशी ठेकेदाराच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा असतो, शेवटच्या पानांचे कोपरे दुमडून ठेवलेले, बोट ठेवलं की सही. भाचीने अकरा सह्या केल्या. कशावर, ते तिला सांगता आलं नाही. तिच्याकडे त्यातली एकही प्रत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं बंधन आलं, मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आली. ऐकून मला बरं वाटलं. पण ज्याचा सातव्या महिन्यात ब्रेक होतो त्याचं वर्ष भरणार कसं, हे कोणीतरी मला समजावून सांगावं.

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प तळेगावला न येता गुजरातला गेला, तेव्हा महिनाभर आपल्या पहिल्या पानावर तोच विषय होता. मलाही वाईट वाटलं होतं, मुलगा तेव्हा कामाच्या शोधात होता. दीड लाख कोटी, लाखभर रोजगार, रोज आकडे. पुढच्या जुलैत फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतलं. त्या महिनाभरात एकाही नेत्याने, कुठल्याच पक्षाच्या, आणि माफ करा, आपल्या वर्तमानपत्रानेही विचारलं नाही की तो लाखभर माणूस कोणाच्या हजेरीपटावर असणार होता, आणि आठ तासांत त्याला किती वेळा टेकायला मिळणार होतं. कारखाने पुण्यात यावेत असं मलाही वाटतं. आले नसते तर मी जुन्नरला दुसऱ्याच्या शेतात कांदे काढत असते. माझं घर त्या सोल्डरवर उभं आहे.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या वेळी असा लेख कराल तेव्हा वार्ताहराला कंपनीच्या माणसाबरोबर लाईन पाहायला जरूर पाठवा, पण त्याच दिवशी रात्री साडेअकराला कारेगावातही पाठवा. सेकंड शिफ्टच्या बस तिथे थांबतात. उतरणाऱ्या मुली पहिली पायरी उतरताना दांड्याला धरून क्षणभर थांबतात, पाय आखडलेले असतात. त्यांना स्लिप दाखवायला सांगा. त्या दाखवतील, नाव छापू नका. कंपनीला विचारा, तुमच्या दारातून रोज आत जाणाऱ्यांपैकी तुमच्या रोलवर किती आणि ठेकेदारांच्या किती. रोजगाराच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडाही छापा. रिलीव्हर किती जणींमागे आहे ते विचारा. बाटलीवर मराठीत काय लिहिलं आहे ते वाचून या. आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विचारा की बसून होण्यासारखं काम बसून करू द्या, असा लेखी हुकूम पुणे जिल्ह्यात शेवटचा कधी निघाला. चार कनेक्टर अंगठ्याने दाबायला उभं राहावं लागत नाही. मी त्याहून बारीक काम सतरा वर्षं बसून केलं आहे, आणि माझे बोर्ड परत येत नव्हते.

खाली सही केली आहे, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. पत्र छापलंत तर ते छापू नये, कंपनीचा अंदाज येईल असंही काही घालू नये. भाचीचं कार्ड येत्या १४ तारखेला संपतं.

आपली,
एक निवृत्त सोल्डरिंग कामगार,
भोसरी, पुणे